बारा नंबरचा नट

किक

पहिल्या किकला काही झालं नाही. दुसरीलाही नाही. तिसरीला सायलेन्सरमधून असा बार निघाला की गल्लीतली दोन कुत्री उठून पळाली.

"ज्योतीरामभाऊ, दिवाळी होऊन महिना झाला की!" नळाला हंडा लावून उभ्या असलेल्या शेजारच्या कुसुमताई म्हणाल्या.

ज्योतीराम हसला. हसत हसत त्यानं चौथी किक मारली आणि ती उलटी आली. दांडा नडगीवर बसला. डोळ्यांपुढं पिवळं झालं. तो सीटवर हात टेकून उभा राहिला, जणू काही विचार करतोय.

उजाडायला लागलं होतं. थेरगावातून चाकणला पोचायला पाऊण तास, आणि सातला पहिली शिफ्ट. कायम कामगारांना कंपनीची बस होती. ज्योतीराम नऊ वर्षं कंत्राटी होता, म्हणून त्याला मोटारसायकल होती. शंभर सीसीची, सतरा वर्षांची, टाकीवरचा रंग गुडघ्यांनी घासून गेलेला.

पाचवी किक. बार. या वेळी पुढून, कार्ब्युरेटरमधूनही फुस्स झालं आणि पेट्रोलचा वास पसरला.

विजयश्री दारात आली. तिच्या हातात त्याचा डबा होता. "सोजरबाईंच्या गॅरेजला रविवारीच नेली होती ना? मग?"

"तेच म्हणतोय मी," ज्योतीराम म्हणाला. "रविवारीच नेली होती."

तो हे कुसुमताईंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला. तेव्हा त्याला त्यात काही वाटलं नाही.

पेट्रोल

पुनावळ्यापर्यंत त्यानं गाडी ढकलत नेली. डांगे चौकात सिग्नलला उभा असताना शेजारच्या रिक्षावाल्यानं विचारलं, "पेट्रोल संपलं का राव?"

"हो ना," ज्योतीराम म्हणाला.

ताथवड्याच्या अलीकडं एका पोरीनं स्कूटर हळू केली. "काका, पेट्रोल?"

"हो. पंप आहे पुढं."

पेट्रोल संपलं म्हटलं की लोक मान हलवतात आणि जातात. गाडी बंद पडली म्हटलं की थांबतात, जुनी आहे म्हणतात, विकून टाका म्हणतात. नडगी ठणकत होती. पँटच्या आत काहीतरी ओलं पायमोज्यापर्यंत उतरलं होतं. कंपनीच्या लाईनवर त्याच्या बारा नंबर स्टेशनवर आज दुसरं कोणीतरी उभं असेल, आणि आजचा खाडा लागणार होता.

सोजरबाईचं गॅरेज हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून होतं. पूर्वी तिथं त्यांचं खळं होतं. चारी बाजूंनी सोसायट्या झाल्या, खळ्यावरचं पत्र्याचं शेड तेवढं राहिलं. नवरा सयाजी गेल्यावर बाईनं शेड भाड्यानं न देता त्याचेच पाने हातात घेतले. लुगडं वर खोचलेलं, अंगात सयाजीचा जुना खाकी शर्ट, बाह्या कोपरापर्यंत. ज्योतीराम लग्नानंतर चार वर्षं पुनावळ्यात राहिला, तेव्हापासून गाडी तिच्याकडंच. तो तिला मावशी म्हणायचा.

सकाळचे साडेआठ. समोरच्या डेअरीचा गणराज तिथं उभा होता. त्याच्या दूध घालणाऱ्या सहा मोटारसायकली सोजरबाईकडं असायच्या. त्यातल्या एकीचं चाक निघालं होतं, आणि दोघं दूधवाले चहा पीत ते बसायची वाट बघत होते.

"काय झालं रं?" सोजरबाईनं विचारलं.

"तुम्हीच सांगा," ज्योतीराम म्हणाला.

तिनं टाकीखालची नळी काढली. पेट्रोल तिच्या बोटांवरून जमिनीवर पडलं.

"प्याट्रोल हाय."

ठिणगी

प्लग काढून तिनं तो पदरानं पुसला, इंजिनाला टेकवून धरला. "मार किक."

दुखरा पाय ज्योतीरामानं उचलला. प्लगच्या टोकाला निळा टिपका उडाला.

"ठिणगी हाय."

मग प्लगच्या भोकावर तिनं अंगठा दाबला. "मार." अंगठा फट्‌ करून उडाला.

"दाबबी हाय." ती मागं सरून उकिडवी बसली. "प्याट्रोल हाय, ठिणगी हाय, दाब हाय. तिन्ही हायेत न् गाडी बार काढती. मंजी ठिणगी पडती, पन भलत्याच टायमाला पडती." तिनं वर बघितलं. "ज्योतीराम, ठिणगी पाडतं त्ये म्याग्नेट कुनी उगडलं व्हतं का?"

दूधवाल्यांपैकी एक हसला. "त्यांना काय इचारता बाई, ते इंजनाच्याच कंपनीत हायेत. रोज बाराशे नट आवळत्यात. न्हाई का हो?"

ही गोष्ट ज्योतीरामानंच या शेडमध्ये अनेकदा सांगितली होती. बाराशे नट, एकही परत आला नाही. कंपनीच्या गेटजवळ 'शून्य दोष' फलकावर या महिन्यात त्याचा फोटो होता. तोही त्यानं मोबाईलवर सगळ्यांना दाखवला होता.

"मॅग्नेट?" ज्योतीराम म्हणाला. "नाही."

"आठव बरं."

"नाही म्हटलं ना."

घरी सांगितलं ते

"मावशीचंच चुकलं. रविवारी कार्ब्युरेटर साफ केलं, तिथं काहीतरी बसवायचं राहिलं. मी सरळ विचारलं. बाई गप्प बसली. काय बोलणार? गाडी तिथंच सोडून आलो. उद्या टेम्पो करतो, दुसरीकडं टाकतो."

विजयश्रीनं हळद गरम केली होती. नडगीला लावताना तिनं विचारलं, "आवाज चढवला नाहीत ना?"

"आवाज कशाला चढवू?"

झालं होतं ते

"मग मला उगडून बगावं लागंल," सोजरबाई म्हणाली. "ठेव गाडी. सांच्यापतुर सांगते."

"उघडून उघडूनच वाट लागली ना तिची," ज्योतीराम म्हणाला. "रविवारपर्यंत चालायची. तुम्ही हात लावला आणि बंद पडली."

"कार्ब्युरेटर साफ केला म्या. त्याचा न् बार निगन्याचा..."

"ते मला शिकवू नका. मी इंजिनाच्या लाईनवर आहे."

"आसशील की. म्हून तर इचारलं, म्याग्नेट..."

"आज माझा खाडा झाला. पाय फुटला. तुमच्यापायी."

चहा पिणारे थांबले होते. गणराज फोनवर बोलता बोलता थांबला. कोणीतरी काहीतरी बोलून हे मिटवेल असं ज्योतीरामाला वाटलं. कोणी बोललं नाही, म्हणून तोच बोलला.

"बाईमाणसाच्या हातात गाडी दिली, हीच माझी चूक."

सोजरबाईच्या हातात प्लग होता. तिनं तो जागेवर बसवला, पान्यानं बेतानं आवळला, वर टोपी दाबली. हात शर्टाला पुसले.

"ने मग," ती म्हणाली.

त्यानं गाडी बाहेर काढली. कुंपणाशी येईपर्यंत पायानं साथ सोडली. तिथंच बाभळीखाली गाडी स्टँडला लावून तो रस्त्यावर आला. पाठीमागं गणराज कोणाला तरी म्हणत होता, "न्हाई, तसं माज्याबी एक-दोन गाड्या हल्ली मिस मारायल्यात."

शुक्रवार

समाधानच्या मागं बसून तो कामावर गेला. समाधान त्याच्याच लाईनवर होता. "गाडीला काय झालं भावा?" त्यानं विचारलं. ज्योतीराम म्हणाला, "मेकॅनिकनं घोळ केला."

संध्याकाळी विजयश्री उशिरा आली. ती पुनावळ्यातल्या दोन फ्लॅटमध्ये स्वयंपाक करायची, जायचा-यायचा रस्ता शेडवरूनच. तिनं चपला काढल्या, तोंड धुतलं, भाकरीचं पीठ घेतलं. मग बोलली.

"गणराजनं सहाच्या सहा गाड्या नेल्या. रावेतला टाकल्यात, कुठल्या तरी सर्व्हिस सेंटरला."

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? शेड रिकामं होतं. बाई नुसत्या बसल्या होत्या, पाने पुसत." ती पीठ मळत राहिली. "मला पाणी दिलं. विचारलं, त्याच्या पायाला लागलं होतं, बरं आहे का?"

ज्योतीरामानं नडगीवर पँट ओढून घेतली.

"तुमच्या गाडीवर पोतं टाकलंय त्यांनी. दव पडतंय म्हणून."

तव्यावरची भाकरी फुगली, खाली बसली. त्यानं अर्धीच खाल्ली.

स्टेशन अकरा

शनिवारी साडेदहाच्या सुमाराला लाईन थांबली.

ज्योतीरामाचं काम सरळ होतं. अकरा नंबरकडून इंजिन सरकत येई, मॅग्नेट आधीच बसवलेलं. तो नट लावायचा, वरून लोंबणारी गन त्यावर टेकवायचा, खटका दाबायचा. कट्‌ आवाज, हिरवा दिवा, पुढं. नऊ वर्षं. झोपेत बोटं तशी वळायची. विजयश्रीचं मनगट एकदा त्यानं झोपेत धरून पिळलं होतं.

"चाव्या संपल्या!" अकरा नंबरवरची योगिनी ओरडली. "आधीच मागितल्या होत्या मी. कोणी ऐकतं का माझं?"

"कसल्या चाव्या?" त्यानं सहज विचारलं.

"अहो दादा, मॅग्नेटच्या." तिनं ट्रेच्या तळाशी राहिलेली एक उचलून दाखवली. अर्ध्या चंद्रासारखा लोखंडी तुकडा, करंगळीच्या नखाएवढा. "ही आधी शाफ्टच्या खाचेत बसवायची, मग वर मॅग्नेट. ही नसली की मॅग्नेट हळूहळू फिरतं. ठिणगीचं टायमिंग बोंबललं. तुम्ही नऊ वर्षं शेजारी उभे आहात आणि कसल्या चाव्या म्हणताय!"

ती हसली. आजूबाजूचे दोघंतिघं हसले. ज्योतीरामही हसला.

तो तुकडा त्यानं पाहिला होता. स्वतःच्या हातानं काढला होता.

खंडेनवमीला कंपनीत सगळ्यांनी गनला हार घातले, मशिनला नारळ फोडला. दुपारी सुट्टी. घरी येऊन त्यानं ठरवलं, या वर्षी गाडी नुसती धुवायची नाही, आतून साफ करायची. लाईनवरचा माणूस आहे मी. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून मॅग्नेट ओढून काढायचा पुलर मागून आणला, मॅग्नेट काढलं, पुसलं. पाने, स्क्रू ड्रायव्हर, पुलर, काढलेला नट आणि तो छोटा अर्धचंद्र त्यानं ताटात मांडला. विजयश्रीनं सगळ्यावर हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. मग नट उचलून त्यानं मॅग्नेट बसवलं, नट लावला, आवळला. पुढचं त्याला पाठ होतं. मागचं कधी त्याच्या स्टेशनवर आलंच नव्हतं.

आवळलेल्या नटाच्या जोरावर मॅग्नेट दीड महिना धरून राहिलं, आणि मग सरकलं.

चाव्यांचा डबा आला. लाईन सुरू झाली. नट, गन, कट्‌, हिरवा दिवा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यानं एकशेनव्वद नट आवळले आणि प्रत्येकाला हिरवा दिवा लागला. शिफ्ट सुटल्यावर बाहेर जाताना फलकावरच्या आपल्या फोटोखालून जावं लागू नये म्हणून तो मागच्या गेटनं गेला.

देव्हारा

"खंडेनवमीचं ताट कुठं रिकामं केलंस?"

"दीड महिन्यानं विचारताय?" विजयश्री म्हणाली. "पाने तुम्हीच उचललेत."

"छोटं काहीतरी होतं. लोखंडाचं. असं." त्यानं नखावर नख ठेवून दाखवलं.

विजयश्री उठली. देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारून तिनं काहीतरी चिमटीत उचललं. कुंकवानं लाल होऊन गेलेलं, वर हळदीचे थर.

"हे? ताटात राहिलं होतं. मला वाटलं कंपनीनं पूजेला दिलंय." तिनं ते त्याच्या हातावर ठेवलं. "रोज फूल वाहते मी याला."

तो खाली बसला.

"अहो, काय झालं?"

त्यानं सांगितलं. चावीचं सांगितलं. मॅग्नेट उघडलं होतं का असं बाईनं दोनदा विचारल्याचं सांगितलं. बाकीचं सांगताना त्याला टाकाकडं बघवेना, म्हणून तो फरशीकडं बघत बोलला. ते वाक्य त्यानं गाळलं.

विजयश्रीनं समईची वात सारली. "आणि काय बोललात?"

"काही नाही."

"बाईंनी मला काही सांगितलं नाही," ती म्हणाली. "पण दूधवाल्यांनी सांगितलं. रस्त्यात थांबवून. हसत."

वेळ

रविवारी सकाळी तो बसनं पुनावळ्याला उतरला. खिशात कागदाची पुडी. गाडी बाभळीखाली होती, पोत्याखाली. पोतं दवानं जड झालं होतं. ते त्यानं घडी करून कुंपणावर टाकलं आणि गाडी ढकलत शेडच्या तोंडाशी आणली.

सोजरबाई तांदूळ निवडत बसली होती. शेडमध्ये एकही गाडी नव्हती. जमिनीवर ऑइलचे जुने डाग तेवढे, झाडून स्वच्छ केलेले.

"टेम्पो न्हाई आनला?" तिनं विचारलं.

"मावशी, मॅग्नेट उघडून बघता का?"

तिनं सूप बाजूला सारलं. शर्ट घातला, बाह्या दुमडल्या. काही न विचारता झाकण खोललं, नट सोडवला, पुलर लावला. मॅग्नेट हातात आल्यावर तिनं शाफ्ट उजेडाकडं वळवून पाहिला. खाच रिकामी होती.

"चावीच न्हाई हितं," ती म्हणाली.

ज्योतीरामानं पुडी पुढं केली.

तिनं ती उघडली. चावी तळव्यावर घेतली, उलटी केली, सुलटी केली. बोटाला लागलेलं कुंकू पाहिलं.

"हिला कुकू कुनी लावलं?"

"विजयश्रीनं. खंडेनवमीला."

सोजरबाईनं मान हलवली. कोनाड्यातून वाटी काढली, वाटीत पेट्रोल ओतलं, चावी बुडवली. लाल रंग सुटून वर आला. जुन्या दात घासायच्या ब्रशनं तिनं ती घासली, खाचेत बसवली, हातोडीच्या लाकडी मुठीनं हलकेच ठोकली, वर मॅग्नेट सरकवलं. नट ज्योतीरामाकडं दिला.

"आवळ."

त्यानं पाना घेतला. नट दोनदा आडवा बसला, तिसऱ्यांदा सरळ बसला. ती बघत होती.

"मार किक."

पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. कुरकूर नाही, बार नाही. सुकी, एकसारखी धडधड पत्र्याखाली भरून राहिली.

समोरून गणराज रस्ता ओलांडून आला, मागं ते दोघं दूधवाले. "झाली का गं सोजरबाई?" तो ओरडून म्हणाला. "तूच बिगाडली न् तूच नीट केली व्हय?"

सोजरबाई ज्योतीरामाकडं बघत होती.

गाडीच्या आवाजात ज्योतीराम बोलला. ओठ हलले, आवाजही निघाला, पण ॲक्सिलरेटरची मूठ पिरगाळलेलीच होती आणि इंजिन मोठ्यानं चाललं होतं. "माझी चूक होती," तो म्हणाला. "मॅग्नेट मीच उघडलं होतं."

"काय?" गणराज कानाला हात लावून म्हणाला.

सोजरबाईनं हात पुढं केला आणि गाडीची किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. हायवेवरचे ट्रक ऐकू यायला लागले.

"आता बोल," ती म्हणाली.

तो उभा राहिला. नडगी ठणकली.

"मॅग्नेट मी उघडलं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी. चावी बसवायची राहिली. मावशींनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. यांनी काही बिघडवलं नव्हतं."

दूधवाल्याला राहवलं नाही. "आन् बाराशे नट हो?"

कोणी हसलं नाही, तोही एकटाच हसून थांबला. गणराजनं खाली पाहिलं, पायानं एक खडा सारला. "तसं काय मी याच्या बोलन्यावर गाड्या हलिवल्या न्हाईत, सोजरबाई," तो म्हणाला. "ते आपलं... सर्व्हिस सेंटरवाला म्हनत व्हता बऱ्याच दिसांपास्नं..."

"आसंल," सोजरबाई म्हणाली. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. ती ज्योतीरामाकडंच बघत होती.

"चावीचं झालं," ती म्हणाली. "दुसरं?"

त्याला कळलं. कळलं नाही असं करता आलं असतं, तसं तोंड करायलाही तो लागला होता. तिच्या हातावर पेट्रोलमध्ये विरघळलेलं कुंकू वाळत होतं, बोटांच्या घड्यांमध्ये, नखांच्या कडेला.

"मी म्हणालो होतो," तो म्हणाला, आणि थांबला. सगळे थांबले. "म्हणालो होतो की बाईमाणसाच्या हातात..."

पुढचं येईना. त्या दिवशी किती सहज आलं होतं.

"बोल की. म्या ऐकलंय ते आदीच."

"बाईमाणसाच्या हातात गाडी दिली ही माझी चूक. असं म्हणालो होतो." त्यानं तिच्याकडं बघितलं. "माफी मागतो, मावशी. या सगळ्यांसमोर."

सोजरबाईनं वाटीतलं लाल पेट्रोल बाहेर मातीत ओतलं. वाटी पुसून कोनाड्यात ठेवली. मग ती जाऊन परत तांदळाच्या सुपाशी बसली.

"पाय दाव डाक्टरला," ती म्हणाली. "लोखंडाचा मार हाय."

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. त्यानं वाट पाहिली, तरी नाही.

गणराज घुटमळला. "उद्या दोन गाड्या धाडतो गं," तो म्हणाला. "ब्रेक लागंना झालेत." सोजरबाई खडे निवडत राहिली. "धाड," ती म्हणाली. "सकाळी लवकर धाड. दुपारी म्या बंद ठेवती."

ज्योतीराम गाडीवर बसला. किल्ली लावली. किकवर पाय ठेवला. समोर चौघंजण बघत होते. गाडी पहिल्याच किकला सुरू झाली असती, हे त्यांनाही माहीत होतं आणि त्यालाही.

इतक्या सोप्यात निघून जाणं त्याला जमेना. त्यानं पाय खाली घेतला. उतरला. दोन्ही हातांनी हँडल धरून गाडी ढकलत सर्व्हिस रोडवर आणली.

ऊन वर आलं होतं. सोसायटीच्या गेटजवळ नारळाच्या गाडीवर उभा असलेला माणूस बघत होता. "पेट्रोल संपलं का राव?"

"नाही," ज्योतीराम म्हणाला. "पेट्रोल आहे. गाडी चालू आहे."

"मग ढकलताय कशाला?"

ज्योतीराम चालत राहिला.